हा सण आजच का?

२०२५ची कोजागरी ६ ऑक्टोबरला होती. आपल्याकडे गच्च्यांवर केशरी दूध आटत होतं, तेव्हा चीनमध्ये घरोघरी मूनकेक कापले जात होते. कोरियात छुसोक होता. शहरांतली माणसं गावी जाऊन पूर्वजांना नव्या तांदळाचे सोंगप्योन दाखवून आली होती. म्यानमारमध्ये थाडिंजुटचे दिवे लागले होते, कारण भिक्खूंचा वर्षावास संपला होता. तोच वर्षावास महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांतही त्याच पौर्णिमेला संपत होता. आणि सूर्य मावळताच जगभरच्या ज्यू कुटुंबांचा सुक्कोत सुरू झाला होता, झावळ्या-फांद्यांच्या मांडवात बसून जेवायचा सण.

मुलांना जगातल्या संस्कृतींची ओळख करून द्यायला याहून सोपी रात्र शोधून सापडायची नाही. गच्चीवर नेऊन वर बोट दाखवलं, की अर्धा धडा तिथेच झाला. पण आपल्या शाळांमधला ‘जागतिक संस्कृती दिन’ काही चंद्र बघून ठरत नाही. हॉल मोकळा असेल त्या शनिवारी तो होतो. पालक म्हणून, कधी परीक्षक म्हणून मी असे दिवस पाहिले आहेत. आईच्या रेशमी साडीचा किमोनो, पुठ्ठ्याची मेक्सिकन टोपी, कापसाची दाढी लावलेला सांता, आणि प्रत्येकाच्या तोंडी पाठ केलेली तीन वाक्यं: मी अमुक देशातून आलो, आमचा सण अमुक, आम्ही अमुक खातो. टाळ्या होतात, फोटो निघतात, साडीची पिन टोचल्यामुळे जपान रडायला लागतो. मुलं मजा करतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की घरी जाताना मुलाच्या डोक्यात एकही प्रश्न नसतो.

अमेरिकेत बालशिक्षणावर काम करणाऱ्या लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ साली आलेल्या आपल्या पुस्तकात या पद्धतीला पर्यटकाचा अभ्यासक्रम असं नाव दिलं होतं. पर्यटक जसा गावात उतरतो, काहीतरी खातो, टोपी विकत घेतो आणि निघतो, तसं मुलांना संस्कृतींमधून फिरवून आणायचं. वर्षातून एकदा. मग पुन्हा नेहमीचा, ‘खरा’ अभ्यास सुरू. दुसऱ्यांचं जगणं म्हणजे सणासुदीची गंमत आणि आपलं ते साधं, सरळ, स्वाभाविक, हा धडा मूल न शिकवता शिकतं.

हे आपल्याला पटकन पटत नाही, कारण आपण बहुतेक वेळा बघणाऱ्याच्या जागी असतो. म्हणून थोडा वेळ जागा बदलून पाहू. इंग्लंडमध्ये.

तिथल्या सरकारी शाळांत धर्मशिक्षण हा विषय १९४४च्या कायद्याने सक्तीचा झाला आणि प्रत्यक्षात तो बायबलचाच तास होता. साठच्या दशकात भारत, पाकिस्तान, पूर्व आफ्रिका, कॅरिबियन इथून आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात दिसू लागली आणि शिक्षकांची पंचाईत झाली. १९६९ साली कंब्रियातल्या शॅप या गावाजवळच्या एका हॉटेलात काही प्राध्यापक आणि शाळाशिक्षक जमले आणि त्यातून शाळांमध्ये जगातले धर्म शिकवण्यासाठी काम करणारा एक गट उभा राहिला. लँकेस्टर विद्यापीठात धर्मांच्या अभ्यासाचा विभाग नुकताच सुरू करणारे निनियन स्मार्ट हे त्यातलं मोठं नाव. या गटाने वर्षानुवर्षं केलेलं सर्वांत उपयोगी काम कुठलं? सगळ्या धर्मांच्या सणांचं एक कॅलेंडर. पुढे १९७५मध्ये बर्मिंगहॅम शहराने अनेक धर्मांचा अभ्यासक्रम आणला. त्यात मानवतावाद आणि साम्यवादही अभ्यासाला घेतल्यामुळे मोठा गदारोळ झाला, तो वेगळाच किस्सा. पण तेव्हापासून ब्रिटिश प्राथमिक शाळेत दिवाळी आली ती कायमची.

आता ती दिवाळी कशी असते? माझ्या मावसबहिणीचा मुलगा लंडनजवळ शाळेत जातो. त्याच्या वर्गात मातीच्या पणत्या झाल्या, रंगीत खडूंची रांगोळी झाली, आणि राम अयोध्येला परत आला म्हणून दिवाळी, ही गोष्ट झाली. याने हात वर करून सांगितलं, की आमच्याकडे पहाटे उटणं लावून आंघोळ असते, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, तो नरकासुर असतो आणि त्याला कृष्णाने मारलं. शिक्षिका भल्या होत्या. म्हणाल्या, छान, तो तुमचा वेगळा सण असेल. मुलगा घरी येऊन आईला विचारतो, आपली दिवाळी चुकीची आहे का?

त्याच्या शेजारच्या बाकावर बंगाली मुलगी असती तर तिने कालीपूजा सांगितली असती. जैन मुलाने महावीरांचं निर्वाण सांगितलं असतं, शीख मुलाने ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटून आलेले गुरू हरगोविंद. नेपाळी मुलाने तर वर्ग जिंकला असता, कारण त्यांच्या तिहारमध्ये एक दिवस कावळ्याचा आणि एक दिवस कुत्र्याचा असतो. कुत्र्याला टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि गोडधोड. पुस्तकाला मात्र एका सणाला एकच गोष्ट लागते.

आपल्या दिवाळीचं असं झालेलं पाहून चुटपुट लागते ना? मग आपण दुसऱ्यांच्या सणांचं काय करतो तेही पाहावं. ईद म्हणजे शीरखुर्मा. नाताळ म्हणजे सांता, जो वसईच्या सामवेदी किंवा वाडवळ ख्रिस्ती आजीच्या लहानपणी तिच्या गावात फिरकलाही नसेल. आणि पारशी बांधवांना आपण अजूनही उत्साहाने पतेतीच्या शुभेच्छा देतो. पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, वर्षभरात हातून जे वावगं घडलं त्याच्या पश्चात्तापाचा. नवरोज दुसऱ्या दिवशी.

रायगड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंची पद्धत मला या सगळ्यावर उतारा वाटते. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून नुसत्या बाई. त्या सहावीच्या मुलांना घरून जुनी कॅलेंडरं आणायला सांगतात. आपल्या घरांत कॅलेंडर सहसा फेकत नाहीत. त्याच्या चौकटीत दुधाचा हिशोब असतो, गॅस कधी लावला ते असतं, म्हशीची तारीख असते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं तेव्हापासून मराठी भिंतीवर हिंदू तिथीसणांबरोबर मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी सणही छापलेले असतात. जगातल्या संस्कृतींचं पहिलं पाठ्यपुस्तक खिळ्याला टांगलेलं आहे, फक्त ते कोणी वाचत नाही.

मुलांना काम साधं असतं. एक सण घ्यायचा आणि त्याच्या तारखा खाली लिहीत जायचं. गणपती २०२३ला १९ सप्टेंबरला, २०२४ला ७ सप्टेंबरला, २०२५ला २७ ऑगस्टला, २०२६ला १४ सप्टेंबरला. रमजान ईद २०२३ला २२ एप्रिल, २०२४ला ११ एप्रिल, २०२५ला ३१ मार्च. नाताळ प्रत्येक कागदावर २५ डिसेंबर. मग वजाबाकी. गणपती बारा दिवस मागे गेला, मग अकरा दिवस मागे, आणि मग एकदम अठरा दिवस पुढे! ईद मात्र मागेच जातेय. नाताळ हलत नाही. आता बाईंना काही विचारावं लागत नाही, मुलंच विचारतात.

उत्तर आकाशात आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष सुमारे ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती कशी भरायची, की भरायचीच नाही, यावर माणसांनी वेगवेगळे निर्णय घेतले आणि त्या निर्णयांतून त्यांचे सण घडले. आपण तूट साठू देतो आणि अधिक महिना घालून भरून काढतो. २०२३ला अधिक श्रावण, २०२६ला अधिक ज्येष्ठ. ज्यू पंचांग एकोणीस वर्षांत सात महिने वाढवतं. चिनी पंचांगही वाढवतं, पण आपल्या वेळेला. २०२५ला त्यांचा सहावा महिना दोनदा आला. म्हणून २०२५मध्ये सगळ्यांची पौर्णिमा जुळली. २०२६ला मात्र चीनचा चंद्रोत्सव आणि ज्यूंचा सुक्कोत २५ सप्टेंबरला आणि आपली कोजागरी त्यानंतर महिन्याने.

इस्लामने महिना वाढवायला मनाई केली. त्याचा परिणाम बाई जसा सांगतात तसा मी कुठे वाचला नव्हता. रमजान सरकत सरकत साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. म्हणजे वैशाखातला तहानेचा रोजाही प्रत्येकाच्या वाट्याला येतो आणि थंडीतला आखूड दिवसाचा सोपा रोजाही. दक्षिण गोलार्धातल्या माणसाला जन्मभर उन्हाळाच आणि उत्तरेतल्याला जन्मभर हिवाळाच, असं होत नाही. हे ऐकल्यावर वर्गातली मुलं शीरखुर्म्याच्या पलीकडचं काहीतरी घेऊन घरी जातात.

पारशांची गोष्ट याच्या उलट. त्यांच्या शहेनशाही पंचांगात वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं, लीप वर्ष नाही. चार वर्षांत एक दिवस निसटतो. शतकानुशतकं असा एकेक दिवस निसटून वसंतातलं नवं वर्ष घरंगळत पावसाळ्यात आलं. सध्या ते १५ ऑगस्टला येतं. इराणशी पडताळून पाहता आपण एक महिना मागे आहोत असं लक्षात आल्यावर १७४५ साली सुरतेत वाद झाला आणि कदमी पंथ वेगळा निघाला. वसंतसंपाताचा, २१ मार्चचा नवरोज पाळणारे फसली त्याहून निराळे. मुंबईतल्या एकाच इमारतीत तीन नवी वर्षं! मुलांना वाद फार आवडतात, आणि तारखेवरून मोठ्या माणसांची भांडणं झाली हे कळलं की त्यांना इतिहास जवळचा वाटू लागतो. ईस्टरचंही तेच. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार असा साधा नियम, पण पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चची पंचांगं वेगळी असल्यामुळे बहुतेक वर्षी दोन ईस्टर. २०२५ला ते २० एप्रिलला एकत्र आले. हलत नाही म्हटलेला नाताळसुद्धा रशिया आणि इथिओपियात ७ जानेवारीला असतो.

रायगडात शिकवण्याचा बाईंना एक फायदा आहे. अलिबागजवळचं नवगाव हे बेने इस्रायल समाजाच्या आठवणीतलं पहिलं गाव. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शब्बाथला ते बंद ठेवले म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागला. आज समाजातले बहुतेक इस्रायलमध्ये आहेत, उरलेले मुख्यतः ठाणे-मुंबईत. पण अलिबागचं सिनगॉग उभं आहे, आणि जवळच्याच खंडाळा गावातला तो खडकही, जिथून एलियाहू हन्नाबी म्हणजे संदेष्टा एलिया रथातून स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला तिथे मलिद्याचं ताट नेतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, फळं. कोकणातल्या कुठल्याही मुलाला हे ताट ओळखीचं वाटेल.

बाईंच्या मुलांनी पुरीम आणि होळीच्या तारखा शेजारी मांडल्या. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षी दोन्ही सण एकाच पौर्णिमेच्या आगेमागे. बेने इस्रायल पुरीमला होळीचा सण म्हणत आले, त्याचं हे साधं कारण. रोश हशाना हे त्यांचं नवं वर्ष अमावास्येनंतर सुरू होतं, भात तयार होण्याच्या सुमारास. जुन्या पिढ्या त्याला नव्याचा सण म्हणत. पुढे गोव्यापर्यंत खाली उतरा. चवथीच्या दुसऱ्या दिवशी हिंदू घरांत नवं होतं, आणि ऑगस्टमध्ये कॅथलिक गावांत भाताच्या नव्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो, ते कोणसांचं फेस्त. तीन धर्म, एकच भात.

पण बेने इस्रायलांकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट वेगळी आहे. पेसाह या सणाच्या पहिल्या रात्री ज्यू घरात जे जेवण होतं, ते सेदर, हा मुळात मुलांसाठी रचलेला तास आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची ती कथा, पण वडीलधारे ती आपणहून सुरू करत नाहीत. आधी घरातल्या सर्वांत लहान मुलाने विचारायचं असतं, की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा निराळी का? ताटात कडू पाला, बिनखमिराची भाकरी, खजुराचं गोड असे पदार्थ असतात, ते मुलाला चमत्कारिक वाटतात आणि तो प्रश्न करतो. प्रश्न आला की मग उत्तर. या रात्रीची पोथी, हगादा, मराठी अनुवादासह १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली, आणि १८७४ साली पुण्यात चित्रांसह. पुण्याच्या प्रतीत पेसाहची भाकरी भाजणाऱ्या बायका इथल्याच वेशात दाखवल्या आहेत. म्हणजे दूरच्या देशातली, हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट मुलाने विचारल्यावर त्याला मराठीत कशी सांगायची, याचा छापील नमुना आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे. शिक्षणशास्त्राच्या पदवीला तो लावायला हरकत नाही.

वस्तूला माझा विरोध नाही. वस्तू प्रश्नाच्या आधी येते त्याला आहे. झेंडू घ्या. दसऱ्याला आपण तो दारावर बांधतो, आणि तो इथलाच असं धरून चालतो. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचे दिवस पाळतात, तेव्हा घरातल्या वेदीवर याच फुलांची आरास असते. त्यांच्या रंगाने आणि वासाने गेलेल्यांना घरची वाट सापडते, अशी समजूत. आपल्या पितृपक्षाशी, जपानच्या ओबोनशी, चीनच्या छिंगमिंगशी हे लावून पाहता येतं. आणि मेक्सिको सिटीतली मृतांच्या दिवसाची ती भव्य मिरवणूक, जी आता ‘प्राचीन परंपरा’ म्हणून मुलांना व्हिडिओत दाखवतात? ती २०१६ साली सुरू झाली, कारण आदल्या वर्षीच्या जेम्स बाँडच्या चित्रपटात तशी मिरवणूक दाखवली होती. मोठ्या वर्गातल्या मुलांना हे आवर्जून सांगावं.

मोठ्या मुलांना सणांची दुसरी बाजूही झेपते. अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगला मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथे मूळनिवासी लोक १९७०पासून शोकदिन पाळतात. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या सिंटरक्लासबरोबर येणारा, चेहऱ्याला काळं फासलेला ‘काळा पीट’ मुलांचा लाडका होता. तो वर्णद्वेषी आहे हे सांगायला कृष्णवर्णीय डच नागरिकांना वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरावं लागलं, तेव्हा कुठे शाळांनी तो बदलायला घेतला. हे सांगताना आपली बाजू झाकून चालत नाही. दिवाळीतल्या पाडव्याला वामनाने पाताळात घातलेल्या बळीराजाचं राज्य परत येवो असं आपल्याच आयाबहिणी ओवाळताना म्हणतात, आणि जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त ती कथा बळीच्या बाजूने वाचली. हे नववीतल्या मुलाला का सांगू नये, मला कळत नाही.

पालकांचा प्रश्न मात्र येतोच: शाळेत आमच्या मुलांना दुसऱ्यांचा धर्म कशाला? राज्यघटनेच्या २८व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला मनाई आहे, हेही कोणीतरी ऐकवतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हा गुंता सोडवला आहे: धर्माचं आचरण शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी अभ्यास करणं वेगळं, मनाई पहिल्याला आहे. शाळांनी ही रेषा स्वतःहून पाळली तर निम्मे वाद होणार नाहीत. रंगमंचावर मुलांकडून नमाज पढून घेऊ नये, कम्युनियनचं नाटक करू नये. कोणाच्या श्रद्धेचा तो प्रयोग होतो, आणि करणाऱ्याच्या घरीही ते रुचत नाही. खाऊ वाटताना आधी विचारावं. कोणाला अंडं चालत नाही, कोणाला जिलेटिन, कोणाचा उपास असतो.

आणि वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम, पारशी किंवा ईशान्येकडून आलेल्या मुलाला ‘आता तू सांग’ म्हणून उभं करू नये. त्याला त्या दिवशी फक्त सहावीतला मुलगा असायचं असतं. बाई सगळ्यांनाच विचारतात आणि ‘आमच्याकडे हा सण करत नाहीत’ हेही उत्तर फळ्यावर लिहितात. त्यांच्या वर्गात गणपती न बसवणारी हिंदू घरं निघाली, मोहरम पाळण्याच्या दोन तऱ्हा निघाल्या, आणि बाराच्या बारा महिने कुठलाच सण न करणारं एक घर निघालं, कारण आईवडील वीटभट्टीवर असतात.

मी गेलो त्या दिवशी पाढा रमजान सुरू होण्याच्या तारखांचा होता. मुलांनी अकरा-अकरा वजा करत २०३० गाठलं आणि गडबड झाली. जानेवारीच्या सुरुवातीला एक रमजान आणि डिसेंबरच्या अखेरीला आणखी एक. दोन मुलांनी वजाबाकी पुन्हा केली. उत्तर बरोबर होतं. २०३० साली रमजान खरोखरच दोनदा सुरू होणार आहे. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “पण बाई, त्या दिवशी ढग असले आणि चंद्र दिसलाच नाही तर?” बाईंनी २०२४चं कॅलेंडर पुन्हा काढलं. त्या वर्षी केरळात ईद १० एप्रिलला झाली आणि बाकी बहुतेक भारतात ११ला. दोन्ही तारखा फळ्यावर गेल्या, त्यांच्याखाली भारताचा नकाशा आला, कोझिकोड आणि अलिबाग यांच्यामध्ये रेघ आली. पुढचा तास गणिताचा होता. तो त्यातच गेला.